पावसाळ्यानंतरची पहिली शर्यत : हौशी रोड सायकलपटूने हंगामाची सुरुवात कशी करावी

युरोपातील सायकलपटू हिवाळाभर संथ, लांब सरावाने पायाभरणी करतात, फेब्रुवारीच्या अखेरीस बेल्जियममध्ये ओम्लूप हेट न्यूसब्लाड ही शर्यत होते, मार्चमध्ये फ्रान्सची पॅरिस-नीस येते आणि तिथून त्यांचा हंगाम रंगू लागतो. प्रशिक्षणाची बहुतेक पुस्तके आणि मोबाइलवर मिळणारे तयार आराखडे याच ऋतुचक्रावर बेतलेले असतात. पुणे, नाशिक, सातारा किंवा कोल्हापूर इथल्या हौशी सायकलपटूने ते जसेच्या तसे उचलले, तर त्याची संथ पायाभरणी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपल्याकडच्या शर्यतींच्या ऐन भरात सुरू होते, आणि पाय तयार होतात तेव्हा एप्रिलचे ऊन डोक्यावर आलेले असते. आपला हंगाम पाऊस ओसरल्यावर उघडतो. ऑक्टोबरची उष्णता निवळली की फेब्रुवारीपर्यंतचे महिने रस्त्यावर जोरात सायकल चालवण्यासाठी सर्वांत चांगले असतात, म्हणून पायाभरणीचे महिने जुलै ते सप्टेंबर हेच धरावे लागतात.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. हंगामातल्या पहिल्या एक-दोन शर्यती हा तयारीचाच शेवटचा भाग आहे. एकट्याने कितीही सराव केला तरी गटाचा वेग, वळणानंतरचे झटके, घाटाच्या पायथ्याशी जागेसाठी होणारी रेटारेटी आणि धाप लागलेली असताना घ्यावे लागणारे निर्णय यांचा अनुभव शर्यतीबाहेर मिळत नाही. त्यामुळे पहिल्या शर्यतीसाठी शरीराला टोकाला नेऊन ठेवू नये. ज्या शर्यतीवर खरोखर मन आहे, ती सहा ते दहा आठवडे पुढे असावी आणि पहिली शर्यत तिच्यासाठी शिकण्याची जागा म्हणून निवडावी.

तारखेपासून मागे मोजणे

समजा, मुख्य शर्यत जानेवारीच्या उत्तरार्धात आहे. मग पहिली छोटी शर्यत नोव्हेंबरच्या मध्यावर घ्यावी आणि तिच्यापासून बारा आठवडे मागे मोजावे, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध येतो. हे बारा आठवडे तीन आठवडे चढता भार आणि एक आठवडा हलका, अशा चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत वाटावेत. चाळिशी ओलांडलेल्यांना किंवा नोकरीत पाळ्या असणाऱ्यांना दोन आठवडे भार आणि एक आठवडा विश्रांती, असा क्रम अधिक मानवतो.

या काळात गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी येतात, हे आराखडा आखतानाच लक्षात घ्यावे. विसर्जनाच्या दिवसांत शहरातून पहाटे बाहेर पडणेही अवघड होते आणि रात्रीची जागरणे होतातच, म्हणून हलका आठवडा तिथेच बसवावा. दिवाळीत घरी पाहुणे असतात, फराळ असतो, त्या आठवड्यात मोठ्या राइडचा हट्ट धरण्याऐवजी पहाटेच्या एक-एक तासाच्या दोन-तीन नेमक्या राइड ठेवाव्यात. घरच्यांशी भांडून केलेले प्रशिक्षण फार काळ टिकत नाही.

पाया कसा घालावा

आठवड्याला सात ते नऊ तास मिळत असतील, तर हौशी शर्यतींसाठी तेवढे पुरतात. पायाभरणीच्या काळात त्यातील बहुतांश वेळ अशा वेगाने चालवावे की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. हा वेग पहिले काही आठवडे लाजिरवाणा वाटेल इतका कमी असतो आणि इथेच बहुतेकांचे पाऊल चुकते. रविवारच्या गटात प्रत्येक चढावर कोणीतरी जोर लावतो, सगळे त्याच्यामागे धावतात आणि राइड ना पुरेशी संथ राहते, ना पुरेशी तीव्र. महिनाभर असे झाले की थकवा साठतो, पण क्षमता जागच्या जागी राहते. संथ राइड खरोखर संथ ठेवण्यासाठी गरज पडल्यास एकट्याने जावे.

पाया पुरेसा झाला की नाही हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. सपाट रस्त्यावर किंवा ट्रेनरवर (घरात सायकल जागेवरच चालवता यावी यासाठीचे साधन) दोन तास स्थिर जोराने चालवावे आणि पहिल्या तासातील हृदयगती दुसऱ्या तासाशी ताडून पाहावी. जोर तोच असताना दुसऱ्या तासात हृदयगती पाच टक्क्यांपेक्षा कमी वाढली असेल, तर पुढच्या टप्प्याकडे जायला हरकत नाही. ती दहा टक्क्यांनी चढत असेल, तर आणखी दोन-तीन आठवडे संथ राइडच कराव्यात. मात्र ही चाचणी दमट दुपारी करू नये, कारण उकाड्याने हृदयगती एरवीही वाढते.

पावसात घरातल्या ट्रेनरवर सराव करणाऱ्यांनी समोर मोठा पंखा ठेवणे आवश्यक आहे. पंख्याशिवाय शरीर तापते, हृदयगती वर जाते आणि पाय थकण्याआधीच माणूस थांबतो. ट्रेनर नसेल, तर उघडीप पाहून बाहेर पडावे आणि उरलेल्या दिवशी घरात जोर वाढवण्याचे व्यायाम करावेत. स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंज आणि कंबर-पोटाचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणि शर्यती सुरू झाल्यावर एकदा, एवढे पुरेसे आहे.

जोराचे सराव

सप्टेंबरच्या अखेरीस क्षमतेची चाचणी घ्यावी. चांगले अंग तापवल्यानंतर वीस मिनिटे जितक्या जोराने सलग चालवता येईल तितके चालवावे आणि त्या वीस मिनिटांच्या सरासरी वॉटमधून, म्हणजे पेडलवर लावलेल्या ताकदीच्या आकड्यातून, पाच टक्के वजा करावेत. येणारा आकडा म्हणजे अंदाजे एफटीपी, साधारण तासभर टिकवता येणारी ताकद. वॉट मोजणारे पॉवर मीटर नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. तोच घाट, तीच सायकल, शक्यतो तीच वेळ ठेवून लागलेली मिनिटे वहीत लिहिली, तरी प्रगती स्पष्ट दिसते.

ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून दोनच दिवस जोर लावावा. पहिल्या दिवशी एफटीपीच्या 88 ते 94 टक्क्यांवर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करावेत आणि तीन-चार आठवड्यांत ते वीस-वीस मिनिटांपर्यंत न्यावेत. पुण्याच्या सायकलपटूंना यासाठी सिंहगडासारखा चढ हाताशी आहे. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा हा आठ-नऊ किलोमीटरचा घाट पुरेसा लांब आहे, शिवाय त्याचा चढ सगळीकडे सारखा नसल्यामुळे गिअर बदलण्याची आणि उभे राहून चालवण्याची सवय लागते. तिथे रविवारी सकाळी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून शक्यतो आठवड्यातल्या दिवशी आणि उजाडता उजाडता जावे. घाटाचा पहिला किलोमीटर मुद्दाम हात राखून चालवावा. सुरुवातीला वाया घालवलेला जोर वरच्या तीव्र वळणांवर परत मिळत नाही.

दुसऱ्या दिवसाचा सराव छोटा पण खरा त्रासदायक असतो. तीन ते चार मिनिटांचे चार किंवा पाच भाग एफटीपीच्या 106 ते 120 टक्क्यांवर करावेत आणि प्रत्येक भागानंतर तितकीच विश्रांती घ्यावी. कोंढव्याकडून सासवडकडे जाताना लागणारा बोपदेव घाट यासाठी अगदी योग्य आहे, कारण तो आखूड आणि खडा आहे. शर्यतीत सायकलपटू गटातून मागे सुटतो तो बहुधा अशाच तीन-चार मिनिटांच्या झटक्यात. तासभराचा सरासरी वेग उत्तम असणारे अनेक जण या झटक्यात मागे राहतात आणि मग उरलेली शर्यत एकट्याने, वारा झेलत, पूर्ण करतात. आठवड्याचा जोर लावण्याचा वेळ अपुराच असेल, तर मी हा दुसरा सराव कधीही गाळणार नाही.

गटात चालवणे शिकावे लागते

हौशी सायकलपटूंच्या तयारीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग हा आहे, आणि पहिल्या शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा इथेच ठरतो. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवताना सपाटीवर सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताकद वाचते. मोठ्या गटाच्या मध्यभागी याहूनही अधिक वाचते. म्हणजे ताकदीने थोडा कमी असलेला, पण आडोशात बसता येणारा सायकलपटू शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये आपल्यापेक्षा बलवान माणसाहून ताजा असू शकतो.

सुरुवात दोघांपासून करावी. पुढच्या चाकामागे आधी एक मीटर अंतर ठेवून चालवावे आणि विश्वास वाढेल तसे ते अर्ध्या मीटरपर्यंत आणावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये. त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता दिसला पाहिजे. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर, म्हणजे त्याच्या बाजूला घुसवून, कधीही ठेवू नये. तो किंचित सरकला तरी पडतो तो मागचा. वेग कमी करायचा असेल तर ब्रेकऐवजी आधी पेडल मारणे थांबवावे, अंग थोडे उभे करून वारा घ्यावा आणि तरीही गरज लागली तरच ब्रेकला हलका स्पर्श करावा. बसलेल्या स्थितीतून उभे राहताना पायाचा दाब क्षणभर सुटतो आणि सायकल मागे झटका खाते, म्हणून उभे राहण्याच्या क्षणी पेडलवर मुद्दाम जोर ठेवावा.

मग चौघे-पाच जण मिळून आळीपाळीने पुढे येण्याचा सराव करावा. पुढे आलेल्याने वेग वाढवू नये. नव्यांचा उत्साह नेमका तिथेच ओसंडतो आणि रांग तुटते. पुढचा बाजूला होतो तेव्हा त्याने जोर किंचित कमी करायचा असतो आणि नव्या पुढच्याने तोच वेग कायम राखायचा असतो. खड्डा, गतिरोधक, वाळू, समोरून येणारे वाहन, कुत्रे यांसाठी हाताच्या आणि आवाजाच्या खुणा सगळ्यांनी आधी ठरवून घ्याव्यात. आपल्या रस्त्यांवर रंग उडालेला गतिरोधक ही सर्वांत मोठी अडचण आहे, त्यामुळे पुढच्याची हाक मागच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे.

मोठ्या गटात आणखी एक गोष्ट अनुभवाला येते. वळणावर पुढचे हळू होतात आणि लगेच वेग घेतात, पण तो वेग मागे पोचेपर्यंत शेपटाकडच्यांना प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारावी लागते. चाळीस-पन्नास वळणांनंतर शेपटाकडचा सायकलपटू आपण इतके कशाने दमलो, या विचारात पडतो. म्हणून गटाच्या पहिल्या तृतीयांशात राहावे. घाट सुरू होण्याआधीच्या दोन किलोमीटरमध्ये बाजूने पुढे सरकावे, म्हणजे चढावर थोडे मागे पडत गेले तरी माथ्यावर पोचताना गटाचे शेपूट तरी हाती राहते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. त्याची झुंज पाहताना लोकांचे लक्ष चढावर असते, पण घाटात कोण कोणत्या जागेवरून शिरतो याला तितकेच महत्त्व असते.

उतार आणि सायकलची तपासणी

पाऊस संपल्यावरचे पहिले दोन महिने घाटाचे उतार फसवे असतात. वळणांच्या बाहेरच्या बाजूला वाहून आलेली खडी साचलेली असते, सावलीतल्या वळणांवर शेवाळ असते, पहाटे दव असते आणि मागच्या वर्षी नसलेले खड्डे या वर्षी असतात. शर्यतीचा मार्ग ठाऊक असेल तर आदल्या आठवड्यात तो उतार एकदा सावकाश उतरून पाहावा. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात शिरल्यावर सोडावा, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर अंगाचा भार द्यावा आणि जिथून बाहेर पडायचे तिकडे पाहावे. पुण्याजवळच्या दिवे घाटासारख्या वाहत्या रस्त्यावर सरावाच्या वेळी वळण कापून दुसऱ्या बाजूला जाणे म्हणजे ट्रकसमोर जाणे आहे. सरावातल्या उतारावर वाचवलेल्या सेकंदांना काहीच किंमत नाही.

हेल्मेटविषयी दुमत असू नये. 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला आणि डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच वर्षी यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. सरावालाही तोच नियम लावावा.

पावसाळ्यात वापरलेली सायकल शर्यतीच्या तीन आठवडे आधी दुकानात न्यावी, तीन दिवस आधी नव्हे. चेन मोजून घ्यावी. अकरा किंवा बारा गिअरच्या सायकलवर ती अर्धा टक्का ताणली गेली असेल तर बदलावी, नाहीतर ती महागडी कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) झिजवते. ब्रेक पॅडमध्ये अडकलेले खडीचे कण काढावेत, हेडसेट (हँडल वळते तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ती जागा) यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरले आहे का ते पाहावे आणि गिअरच्या गंजलेल्या केबल बदलाव्यात. टायरवरचे बारीक काप बोटाने चाचपून तपासावेत. सत्तर किलो वजनाच्या सायकलपटूने 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 65 ते 75 पीएसआय हवा ठेवली, तर आपल्या खडबडीत डांबरावर सायकल उसळत नाही आणि पकडही चांगली राहते. टायर दगडासारखा टणक फुगवण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

खाणे-पिणे

दीड तासापेक्षा लांब शर्यतीत तासाला 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. सवय झाली असेल तर 90 ग्रॅमपर्यंत जाता येते, पण ही सवय आतड्यांनाही लावावी लागते आणि ती सरावाच्या लांब राइडमध्येच लावावी. यासाठी परदेशी एनर्जी जेलच हवेत असे नाही. एका मध्यम केळ्यातून सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके मिळतात. बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि गूळपोळीचे छोटे तुकडे संथ राइडला उत्तम, मात्र जोराच्या भागात चावणे अवघड जाते आणि चिक्कीसारखा तेलकट, शेंगदाण्यांचा पदार्थ पोटात जड होतो. तिथे पेयच बरे. अर्धा लिटर पाण्यात 30 ते 40 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू, असे घरचे सरबत पुरेसे काम करते.

शर्यतीच्या तीन तास आधी पोहे, उपमा, इडली किंवा मऊ भात असे ओळखीचे, कमी तेलाचे खावे. पहाटे सहाची सुरुवात असेल तर तीनला उठण्यापेक्षा आदल्या रात्री भाताचे जेवण नीट करावे आणि सकाळी तासभर आधी केळे व थोडे सरबत घ्यावे. शाकाहारी सायकलपटूंनी, आणि विशेषतः महिलांनी, हंगामाआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-12 जीवनसत्त्व तपासून घेतलेले चांगले. महिनोन्महिने न हटणारा थकवा अनेकदा प्रशिक्षणाच्या चुकीचा नसतो, आणि त्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

शर्यतीचा आठवडा आणि नंतर

पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात एकूण वेळ निम्म्यावर आणावा, पण जोराचे छोटे भाग ठेवावेत. मंगळवारी तीन-तीन मिनिटांचे तीन भाग, गुरुवारी संथ तासभर आणि आदल्या दिवशी चाळीस मिनिटांत दहा-दहा सेकंदांच्या तीन स्प्रिंट, एवढे पुरे. सुरुवातीच्या ठिकाणी तासभर आधी पोचावे, वीस मिनिटे अंग तापवावे आणि शेवटच्या पाच मिनिटांत मिनिटभराचे दोन जोराचे भाग करावेत, कारण हौशी शर्यती पहिल्या किलोमीटरपासून भरधाव निघतात आणि थंड पायांनी तो वेग पकडता येत नाही.

शर्यतीसाठी दोनच उद्दिष्टे ठेवावीत आणि ती क्रमांकाशी संबंधित नसावीत. उदाहरणार्थ, पहिल्या घाटाच्या पायथ्याशी पहिल्या वीसांत असणे आणि दर वीस मिनिटांनी काहीतरी खाणे किंवा पिणे. सुरुवातीला गटातून निसटणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. अंतर लांब असेल तर त्यांच्यापैकी बहुतेकांना गट पुन्हा पकडतो. गटातून सुटलोच, तर मागून येणाऱ्या दोघा-तिघांची वाट पाहून त्यांच्यासोबत आळीपाळीने चालवावे आणि शर्यत पूर्ण करावी. त्या छोट्या गटातही शिकण्यासारखे पुष्कळ असते.

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, नेमके कुठे सुटलो, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय झाले, गटात कितव्या जागेवर होतो आणि शेवटचे कधी खाल्ले होते, हे लिहून ठेवावे. सुटण्याच्या क्षणाआधी वॉट किंवा हृदयगती फार नव्हती पण जागा मागची होती, तर पुढचे तीन आठवडे गटातला सराव वाढवावा. जागा चांगली असूनही तीन मिनिटांच्या चढावर पाय संपले, तर बोपदेववरचे छोटे भाग वाढवावेत. दोन तासांनंतर सगळेच हळूहळू उतरत गेले, तर रविवारची लांब राइड तासाभराने वाढवावी आणि खाण्याचा हिशेब तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही.

शर्यतीनंतरचे दोन दिवस संथ चालवावे किंवा सायकलला हात लावू नये. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त राहत असेल, झोप तुटत असेल किंवा घसा खवखवत असेल, तर त्या आठवड्यातले जोराचे सराव रद्द करावेत आणि गरज पडली तर दुसऱ्या छोट्या शर्यतीची नोंदणीही सोडून द्यावी. सगळे ठीक असेल तर चौथ्या दिवसापासून नेहमीचा क्रम सुरू करता येतो आणि मुख्य शर्यतीपर्यंत चार-चार आठवड्यांचे दोन पूर्ण टप्पे हाती राहतात.